बेसिन साफ करण्याची शास्त्रीय पद्धत

"अहो, बेसिन तुंबलंय," बाई बाथरूमच्या दारातून म्हणाल्या.

"तुंबलं नसेल. पाणी सावकाश जात असेल."

"सावकाश कसलं, जातच नाहीये. उलट वर येतंय."

मोठे साहेब आरशासमोर गणवेशाची बटणं लावत होते. ते या मालवाहू जहाजाचे चीफ इंजिनिअर. जहाज धक्क्याला लागलेलं होतं आणि दुपारी तीनला सुटणार होतं. दर सुट्टीत घरी आले की ते पाहुण्यारावळ्यांना सांगत, "कप्तान नुसता वाट दाखवतो हो. जहाज चालवतो मी." बाईंनी हे अठरा वर्षं ऐकून घेतलं होतं, कारण पडताळून पाहायची सोय नव्हती. यंदा शाळेला सुट्टी लागल्याबरोबर त्या तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर जहाजावर आल्या. शाळेत त्या विज्ञान शिकवत. गेल्या नऊ दिवसांत साहेब खाली इंजिनरूममध्ये उतरल्याचं त्यांनी दोनदा पाहिलं होतं. त्यातल्या एकदा फोटो काढायचा होता.

"कुणाला तरी बोलावून घ्या ना," बाई म्हणाल्या.

"आज कुणालाही बोलवायचं नाही. आज सगळे रंग देतायत."

रंगाचं कारण एक मजला खाली, बरोबर यांच्याच केबिनखालच्या केबिनमध्ये उतरलेलं होतं. कंपनीच्या ऑफिसातून निरीक्षक आले होते. बुटके, शांत गृहस्थ. हातात कायम एक यादी. ते पुढच्या बंदरापर्यंत सोबत येणार होते, आणि त्यांनी शेरा दिला की किनाऱ्यावरच्या ऑफिसात रिकामी असलेली यंत्रविभागप्रमुखाची जागा कुणाला द्यायची ते ठरणार होतं. या जागेवर साहेबांचा डोळा होता. बाईंचाही होता. कारण वेगळं होतं. घरातली गळती, गॅस, मुलीची परीक्षा आणि सासऱ्यांचं दुखणं त्यांनी अठरा वर्षं एकटीनं ओढलं होतं. संध्याकाळी सहाला घरी येणारा नवरा कसा असतो हे त्यांना एकदा बघायचं होतं.

तपासणीबद्दल साहेबांचं तत्त्व साधं होतं. जे चकाकतं ते चालतं. त्यामुळे गेले चार दिवस इंजिनरूममधलं जे जे जिन्यावरून नजरेस पडेल त्या त्या वस्तूला रंग लागत होता. त्यात जिन्यासमोरचाच एक नंबरचा कंप्रेसर होता. त्याला आज सकाळी चंदेरी रंगाचा दुसरा हात बसला होता. कोपऱ्यातला दोन नंबरचा कंप्रेसर नजरेस पडत नसल्यामुळे सुटला, आणि तेवढ्याच कारणानं तो सध्या चालू होता.

"मग मी दात कुठे घासू?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी शेवटचं बटण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं. बाईंच्या ते ओळखीचं होतं. घरातला मिक्सर त्यांनी दुरुस्त केला होता त्या दिवशीही हेच तेज होतं. नवा मिक्सर दुसऱ्या दिवशी आणला.

"अगं, ज्या जहाजावर तीस बार हवा आहे तिथे तुंबलेल्या बेसिनची काय बिशाद? हवा मारू. एका फुंकरीत साफ!"

"तीस बार म्हणजे?"

"मोटारीच्या चाकात साधारण दोन बार हवा असते. आमच्याकडे तीस. बस, समजावून सांगतो."

साहेबांना समजावून सांगायला फार आवडे. त्यांनी सांगितलं की एवढं घरभर मोठं इंजिन काही किल्ली फिरवून सुरू होत नाही. कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो, एकदा दाबतो. दाबली की ती तापते. मग तिला गार करून पुन्हा दाबायची, पुन्हा गार करायची, आणि माणूस उभा राहील एवढ्या दोन पोलादी बाटल्यांत साठवायची. इंजिन सुरू करताना हीच हवा सिलिंडरमध्ये सोडली की आतले दट्टे हलतात, इंजिन फिरायला लागतं आणि मग त्यात तेल पेटतं.

"आणि मधे गार केली नाही तर?"

"तर कंप्रेसर तापून बंद पडतो."

"दाबताना हवेतल्या बाष्पाचं काय होतं?"

"पाणी होतं. खाली साठतं. ते सोडून द्यावं लागतं."

"कोण सोडतं?"

"सोडतात कुणीतरी. हवालदार आहे त्याला."

हवालदार म्हणजे थर्ड इंजिनिअर. पंचेचाळिशी ओलांडलेला, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. दोन्ही कंप्रेसर आणि हवेच्या बाटल्या त्याच्या ताब्यात, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणत. कंप्रेसरचं पाणी तो दर चार तासांनी स्वतःच्या हातानं सोडे. दोन नंबरच्या कंप्रेसरचे व्हॉल्व्ह काजळीनं धरलेत, तो खोलून साफ करायला दोन दिवस द्या, अशी त्यानं गेल्या आठवड्यात तीनदा विनंती केली होती. "तपासणी होऊ दे," असं साहेबांनी तीनदा सांगितलं होतं.

"आणि हवा संपली तर?" बाईंनी शेवटचा प्रश्न टाकला.

"हवा कशी संपेल?" साहेब हसले. "हवा आहे ती!"

बाईंनी या उत्तराला मनातल्या मनात पाचपैकी शून्य गुण दिले.

*

दुपारी एकच्या सुमारास साहेबांनी कामाला हात घातला. केबिनबाहेरच्या बोळात भिंतीवर हवेचा नळ होता. तिथे दाब कमी करून सात बार हवा येई. हत्यारं चालवायला, धूळ उडवायला, वर भोंग्यालाही तीच. साहेबांनी नळाला रबरी पाइप जोडला, दुसरं टोक बेसिनच्या भोकात खुपसलं आणि भोवती बाईंचा टॉवेल गुंडाळला.

"माझा टॉवेल कशाला?"

"माझा पांढरा आहे."

नळाच्या दांड्यालाही कालच रंग लागला होता. तो वाळून दांडा घट्ट बसला होता. साहेबांनी दोन्ही हातांनी हिसका दिला. दांडा फिरला तो एकदम पुरा फिरला.

बेसिननं आधी एक ढेकर दिली. मग भिंतीत कुठेतरी गुडगुडलं आणि तो आवाज सरसर खाली गेला. तुंबलेलं पाणी दिसेनासं झालं.

"बघितलंस?" साहेब गरजले. "याला म्हणतात शास्त्रीय पद्धत!"

"पण ते गेलं कुठे?"

उत्तर खालच्या मजल्यावरून आलं. ती किंकाळी होती.

वरच्या आणि खालच्या बेसिनचा पाइप पुढे एकच होतो, हे जहाजाच्या नकाशात स्वच्छ दाखवलेलं होतं. तो नकाशा साहेबांच्याच टेबलाच्या काचेखाली होता. निरीक्षक त्या वेळी बेसिनवर वाकून दाढी करत होते. बेसिनमधून दोन वर्षांचे केस, साबण आणि काळा चिखल सात बारच्या जोरानं वर आला आणि वाटेत जे पहिलं भेटलं त्यावर बसला.

जिन्यावर पावलं वाजत होती. साहेबांनी पाइप ओढून काढला, नळाचा दांडा फिरवला, पण रंगानं तो मधेच अडकला. पाइप फुसफुसत राहिला. पावलं जवळ आली. साहेबांनी पाइप तसाच बोळातल्या पांघरुणांच्या कपाटात कोंबला, वर चार ब्लँकेटं लोटली आणि दार लावून घेतलं. आवाज दबला. आवाज दबला म्हणजे हवा बंद झाली, असं त्यांनी स्वतःला पटवलं. पटवून घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

निरीक्षक बोळात उभे राहिले. अर्ध्या गालावर पांढरा फेस, अर्ध्यावर काळा चिखल.

"माझ्या बेसिनमधून काहीतरी आलं," ते शांतपणे म्हणाले.

"अरे अरे अरे! बंदराचं पाणी, साहेब. फार घाण बंदर आहे हे. भरती आली की असं होतं."

"जहाजाच्या तिसऱ्या मजल्यावर भरती येते?"

"या बंदरात येते."

"अच्छा," निरीक्षक म्हणाले आणि यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं. ते चिडत नसत. ते लिहीत. चिडणं यापेक्षा परवडलं असतं.

*

पावणेदोनला इंजिनरूममधून फोन आला.

"साहेब, हवालदार बोलतोय. हवा उतरतेय. बाटल्या अठ्ठावीसवर होत्या, वीसवर आल्यात. दोन नंबर थांबायचं नाव घेत नाहीये."

"तुझा गेज बिघडला असेल."

"दोन्ही बाटल्यांचे?"

"दोन्ही बिघडू शकत नाहीत असा कायदा आहे का?"

"कुठेतरी गळतंय, साहेब. वर कुणी हवा चालू ठेवलीय का?"

साहेबांच्या डोळ्यांसमोर क्षणभर कपाट आलं. तिथे जाऊन दार उघडायचं म्हणजे बोळ ओलांडायचा, आणि बोळात निरीक्षकांचं येणं-जाणं चालू होतं. शिवाय आवाज तर बंद झाला होता.

"वर कुणी काही चालू ठेवलेलं नाही. खालीच शोध. आणि हे निरीक्षकांच्या कानावर गेलं तर याद राख."

हवालदार टॉर्च आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन खालचा एकेक सांधा तपासत फिरू लागला. गळती चार मजले वर कपाटात ब्लँकेट पांघरून झोपली होती.

अडीचला बंदरातून जहाज बाहेर काढून देणारा पायलट चढला. निघण्याआधी भोंगा वाजवून बघायचा नियम. निरीक्षकांच्या यादीतही "भोंगा" असा मुद्दा होता, म्हणून तोंड धुऊन, पांढराशुभ्र शर्ट घालून ते वर कप्तानाजवळ गेले. कप्तानानं ऐटीत बटण दाबलं. एरवी या भोंग्यानं धक्क्यावरची कबुतरं उडत. आज आजारी शेळीनं हाक मारावी तसा एक चिरका सूर निघाला आणि मधेच विरला. धक्क्यावरचे हमाल माना वर करून बघू लागले. एकानं उलट तसाच आवाज काढून दाखवला.

"मोठे साहेब," कप्तान फोनवर दात-ओठ खात म्हणाला, "माझ्या भोंग्याला काय झालंय?"

"जरा हवा कमी येतेय वर. किरकोळ आहे."

"पायलट हसतोय माझ्याकडे बघून!"

"मी स्वतः खाली जातोय," साहेब म्हणाले. या वाक्याचं वजन पडावं म्हणून ते थोडं थांबलेही. पण कप्तानाशेजारी उभ्या असलेल्या निरीक्षकांनी ते फोनमधून ऐकलं आणि ते म्हणाले, "मीही येतो."

*

दोघं खाली पोचले तेव्हा दोन नंबरचा कंप्रेसर नुकताच बंद पडला होता. दीड तास एकसारखा धावून तो इतका तापला होता की त्यानं आपण होऊन मान टाकली. हवालदार त्याच्याजवळ उकिडवा बसला होता.

"किती आहे?" साहेबांनी ओठ न हलवता विचारलं.

"तेरा. दहाच्या खाली गेलं की इंजिन सुरू होणार नाही. याला अर्धा तास गार होऊ द्या, साहेब. मी पाणी सोडतो, फिल्टर बघतो, पुन्हा लावतो."

"अर्धा तास? तीन वाजता निघायचंय! एक नंबर लाव."

हवालदारानं चंदेरी कंप्रेसरकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग निरीक्षकांच्या शर्टाकडे.

"रंग ओला आहे, साहेब. आणि हवा ओढायच्या तोंडाला रंग लागू नये म्हणून प्लास्टिक बांधलंय. ते आधी..."

"कारणं नकोत! यंत्र यंत्र असतं. त्याला रंगाशी काय?" साहेब निरीक्षकांकडे वळले. "बघा, किती सुंदर ठेवलाय. जरा जवळून बघा."

निरीक्षक जवळून बघायला वाकले. हवालदारानं प्लास्टिककडे हात नेला, पण साहेबांनी त्याआधी बटण दाबलं होतं.

कंप्रेसरचं मोठं चाक फिरलं. चाकावर सकाळचा दुसरा हात होता. तो सगळा सरळ रेषेत उडाला. छातीपासून कपाळापर्यंत निरीक्षकांवर चांदीचा एक रुंद पट्टा उमटला. तोवर कंप्रेसरनं श्वास ओढला, प्लास्टिकची पिशवी सुपकन आत गेली, यंत्र दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

निरीक्षकांनी यादी झटकली. पेन चालत नव्हतं, त्यातही रंग गेला होता. हवालदारानं खिशातून आपलं काढून दिलं.

"धन्यवाद," निरीक्षक म्हणाले आणि लिहू लागले.

आता शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण थांबणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि कबुलीचा साहेबांना सराव नव्हता. ते तडक इंजिनाच्या कठड्याशी गेले. "तेरा बारमध्ये इंजिन कसं सुरू करतात ते मी दाखवतो," त्यांनी जाहीर केलं. "त्याला हात लागतो हात!"

"साहेब, थोडीच द्या," हवालदार कळवळून म्हणाला. "इंजिन फिरलं की लगेच सोडा."

साहेबांनी इंजिनात हवा सोडायचा दांडा ओढला. हवा गर्जत आत शिरली. एवढं मोठं धूड डुगडुगलं, अर्धं फिरलं. दांडा सोडायच्या ऐवजी साहेब निरीक्षक बघतायत की नाहीत हे बघत राहिले. इंजिन थांबलं. त्यांनी पुन्हा ओढला. या वेळी गर्जना नव्हती, सुस्कारा होता. तिसऱ्यांदा सुस्कारासुद्धा आला नाही. गेजचा काटा सहावर येऊन टेकला.

फोन वाजला. कप्तान होता. "पायलट विचारतोय, निघायचंय की जेवायला थांबू?"

साहेबांनी रिसीव्हर ठेवला आणि खास निरीक्षकांना ऐकू जाईल अशा आवाजात हवालदारावर घसरले. "किती वेळा सांगितलं तुला, हवेवर लक्ष ठेव म्हणून! एवढी हवा गेली कुठे? माणूस खातो का हवा? लेखी ताकीद देणार आहे मी तुला!"

हवालदार खाली मान घालून उभा राहिला. वीस वर्षांत त्यानं चार साहेब पाहिले होते. वाद घातला की काम लांबतं, एवढं तो शिकला होता.

तेवढ्यात लोखंडी जिन्यावरून सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत, बाई खाली आल्या. इंजिनरूममध्ये त्या पहिल्यांदाच येत होत्या. एका हातात लाल पेन होतं.

"अहो, तुम्हाला फोन करत होते, कुणी उचलेना. तुमचा तो पाइप त्या ब्लँकेटच्या कपाटात चालूच राहिला होता की!"

साहेबांनी डोळ्यांनी, भुवयांनी, मिशीनं, सगळ्यानं खूण केली. बाईंनी ती पाहिली की नाही, हे अठरा वर्षांच्या संसारानंतरही साहेबांना सांगता आलं नसतं.

"मी पेपर तपासत होते," त्या सरळ निरीक्षकांना सांगू लागल्या, "तर बोळातून कुणी घोरल्यासारखा आवाज. बघते तर कपाटाचं दार श्वास घेतंय. आत-बाहेर, आत-बाहेर. उघडलं तर ब्लँकेट अंगावर आलं. नळ अर्धा उघडाच होता. दांडा हलेना, मग चपलेनं ठोकून बंद केला. यांनी दुपारी बेसिन साफ केलं ना, त्याचा पाइप." मग त्यांचं लक्ष निरीक्षकांच्या अवताराकडे गेलं. "अगबाई! तुम्हाला काय झालं?"

"भरती," निरीक्षक म्हणाले.

*

पुढचा सव्वा तास हवालदाराचा होता. त्यानं दोन नंबरचं पाणी सोडलं, गार करणारं पाणी नीट वाहतंय का ते हात लावून पाहिलं, फिल्टर झटकला, कंप्रेसर लावला आणि मग त्याच्या तालाकडे कान लावून शेजारी बसून राहिला. तो चालू असतानाच एक नंबर खोलून त्यानं आतून पिशवीची लक्तरं चिमट्यानं काढली. बाई एका पालथ्या बादलीवर बसून प्रश्न विचारत होत्या आणि तो थोडक्यात उत्तरं देत होता. पंचवीस बार झाल्यावर त्यानं दांडा ओढला. इंजिन फिरताच हात सोडला. पहिल्या झटक्यात पेटलं.

साहेब केबिनमध्ये होते. ते हवालदाराला लेखी ताकीद लिहीत होते. "हवेसारख्या महत्त्वाच्या वस्तूकडे अक्षम्य दुर्लक्ष केल्याबद्दल." त्याची एक प्रत त्यांनी स्वतः नेऊन निरीक्षकांना दिली.

"मोठ्या मनानं कबूल केलं असतंत तर?" रात्री जेवताना बाईंनी विचारलं.

"तू मधे बोलली नसतीस तर कबूल करायला काही उरलंच नसतं," साहेब म्हणाले आणि पानावरून उठले. जागा गेली, हे दोघांनाही कळून चुकलं होतं. बाईंनी संध्याकाळी सहाचा विचार मनातून काढून टाकला आणि उरलेले पेपर पुढे ओढले.

निरीक्षक पुढच्या बंदरात उतरून गेले, आणि दहा दिवसांनी त्यानंतरच्या बंदरात ऑफिसचं पत्र आलं. साहेबांनी ते दारातच फोडलं, पहिली ओळ वाचली आणि एकदम ओरडले.

"झालं! मिळाली! यंत्रविभागप्रमुख! बाराच्या बारा जहाजं माझ्या हाताखाली! बघितलंस? माणसाचं काम बोलतं!"

पत्र टेबलावर टाकून ते कप्तानाला सांगायला धावले. बाईंनी ते उचललं. पहिल्या ओळीखाली निरीक्षकांचा शेरा जोडलेला होता. त्यांनी तो लाल पेन हातात धरूनच वाचला.

"सदर अधिकाऱ्यांना कोणत्याही जहाजावर ठेवणे धोक्याचे आहे. तथापि, बोलण्याची हातोटी, रंगाविषयीची जाण आणि स्वतःच्या चुकीची जबाबदारी विनाविलंब हाताखालच्या माणसावर लेखी टाकण्याची तत्परता, हे गुण पाहता त्यांना ऑफिसातील वरच्या जागेवर घ्यावे. तेथे सुरू करावे लागेल असे कोणतेही यंत्र नाही. कृपया तातडी करावी."

बाईंनी पत्राची नीट घडी घातली आणि साहेबांच्या फाइलमध्ये, ते कधीच उघडत नसत त्या कप्प्यात, ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब उतरायला निघाले तर बोळात ही गर्दी. तेलवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळं जहाज लोटलं होतं. प्रत्येकाला एक तरी बॅग उचलायची होती. हवालदारानं तर सगळ्यांत जड पेटी खांद्यावर मारली आणि पंचेचाळिशी विसरून जिना तीन तीन पायऱ्यांनी उतरला. पाच मिनिटांत सगळं सामान धक्क्यावर. कप्तान स्वतः हात हलवत कठड्याशी उभा.

साहेबांचे डोळे भरून आले. "पाहिलंस ना? किती जीव लावलाय पोरांनी! माझ्या जाण्यानं हलून गेलेत बिचारे."

बाईंनी वर पाहिलं. दोन खलाशी जहाजावर चढायचा जिना वर ओढून घेत होते. जहाज सुटायला अजून दोन दिवस होते.

"हो ना," त्या म्हणाल्या, "चला लवकर."